पहिलं स्वतःचं अ‍ॅडव्हेंचर लिहिताना घोडं नेमकं कुठे अडतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार मित्रांना घेऊन तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या, टेबलाभोवती बसून पात्रं होऊन डाइस टाकत गोष्ट रचायच्या खेळाची दोन विकतची, म्हणजे आधीच लिहून मिळणारी, अ‍ॅडव्हेंचर्स चालवलीत, आता स्वतःचं लिहायचंय, लिहायला बसलात आणि ६०० वर्षांचा इतिहास, दोन राज्यं, सात देव असं ३४ पानांचं डॉक्युमेंट तयार झालं, पण पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीला, टेबलावर काय होणार ती जागा अजून कोरीच आहे. वर भीती अशी की एवढं करून प्लेयर्स भलतीकडेच गेले तर सगळी मेहनत पाण्यात. आणि शेवटी विचारलंय की हे शिकायचं कसं आणि ती ३४ पानं फेकून द्यायची का.

पानांचं शेवटी बोलतो. आधी हे सांगतो की तुमच्याकडे कल्पना कमी नाहीत, ३४ पानं लिहिणाऱ्याला ती अडचण नसते. घोडं अडलंय ते दुसरीकडे. तुम्ही "पुढे काय घडणार" हे ठरवायचा प्रयत्न करताय, आणि या खेळात ते ठरवणं आपल्या हातातच नाही, ते चार जणं टेबलावर बसून ठरवणार. म्हणून हात अडखळतो आणि मग माणूस इतिहासाकडे वळतो, कारण इतिहासात कोणी मधे बोलत नाही. डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) घरी बसून तयार करायच्या गोष्टी वेगळ्या असतात: आत्तापर्यंत काय घडून गेलंय, आत्ता कोणाला काय हवंय, आणि कोणीच मधे पडलं नाही तर काय होईल. ही तीन उत्तरं पक्की असली की प्लेयर्स कुठेही गेले तरी तुम्हाला सुचत राहतं.

आता यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे हेही खरं. डी अँड डी पाचवी आवृत्ती चालवत असाल तर लढाईची तयारी लागते, मॉन्स्टरचे आकडे हाताशी लागतात. कॉल ऑफ क्थुलूसारखा तपासाचा खेळ असेल तर लढाई बाजूला राहते आणि क्लूजची मांडणीच सगळं असते. वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, असेल तर शेवट त्याच रात्री गाठायचाय, अनेक बैठका चालणारं कॅम्पेन असेल तर घाई नाही. आणि तुम्ही स्वतःसाठी लिहिताय का दुसऱ्या डीएमला देण्यासाठी, यानेही फार फरक पडतो, स्वतःसाठी चार शब्दांची खूण पुरते. तुम्ही स्वतःसाठी, चार प्लेयर्ससाठी, तीन-चार तासांचं एक सेशन लिहिताय असं धरून पुढचं सांगतो.

मी १६ वर्षं खेळ चालवतोय. माझं पहिलं अ‍ॅडव्हेंचर मी अगदी गोष्टीसारखं लिहिलं होतं, एकामागून एक प्रसंग, आणि शेवटी राजाचा प्रधान फितूर निघतो. पहिल्या अर्ध्या तासातच एका प्लेयरला त्या प्रधानाचा संशय आला आणि त्यांनी त्याला गाठून पकडलं. मी घाबरलो, पडद्याआड डाइस टाकल्यासारखं केलं आणि तो निसटला असं सांगून टाकलं. त्यांनी परत पकडलं, मी परत सोडवला. मग माझी एक मैत्रीण हातातली पेन्सिल खाली ठेवून अगदी शांतपणे म्हणाली, "मग आम्ही काय करायचं तेही तूच सांग." तिला राग आला नव्हता, ती मनापासून विचारत होती, आणि ते मला आजही लागतं. त्या रात्री मी चार माणसांचा वेळ माझी गोष्ट ऐकवण्यात घालवला होता.

त्यानंतर मी पद्धत बदलली. २०१० साली आलेल्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात तर खेळ चालवणाऱ्याला नियमातच सांगितलंय की कथानक आधीपासून ठरवून ठेवू नका. ते वाचलं तेव्हा बरं वाटलं, कारण तोवर मला वाटायचं ही फक्त माझीच अडचण आहे.

आता नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, एक माझं अ‍ॅडव्हेंचर उलगडून दाखवतो. एक छोटं बंदर, खडकाळ किनारा, टोकावर दीपगृह. तीन दिवसांपासून दिवा रात्री विझतोय. घडून गेलेली गोष्ट अशी की दीपगृह सांभाळणाऱ्या बाईचा मुलगा वर्षापूर्वी बुडाला, आणि समुद्रातल्या कुठल्यातरी जुन्या शक्तीने तिला सांगितलं की जितक्या रात्री तू अंधार ठेवशील तितक्या रात्री तो तुझ्याकडे येईल. म्हणून दिवा तीच विझवते. बंदराच्या प्रमुखाला दिवा काहीही करून चालू हवाय कारण तीन रात्रींनी धान्याची पाच जहाजं येतायत आणि गावाचा हिवाळा त्यावर आहे. तिसरी एक टोळी आहे जी फुटलेल्या जहाजांचा माल लुटते, तिला अंधारच हवाय पण तो का पडतोय हे तिला माहीत नाही. झालं. तीन बाजू, तिघांनाही जे हवंय ते एकमेकांच्या आड येतं, आणि यातलं कोणीच निव्वळ दुष्ट नाही, म्हणजे टोळीचा म्होरक्या आहे थोडा, पण त्याच्याशीही बोलता येतं.

मग कोणी मधे पडलं नाही तर? पहिल्या रात्री एक मासेमारीची होडी खडकावर आपटते. दुसऱ्या रात्री आणखी एक बुडालेला माणूस पाण्यातून चालत येऊन स्वतःच्या घराचं दार ठोठावतो. तिसऱ्या रात्री पाचही जहाजं फुटतात. एवढंच लिहिलेलं असतं, तीन ओळी. ब्लेड्स इन द डार्क नावाच्या खेळात यासाठी घड्याळ काढतात, एक गोल, त्याचे चार, सहा नाहीतर आठ भाग, आणि संकट पुढे सरकलं की एक भाग रंगवायचा. मी ते टेबलावर उघडं ठेवतो, प्लेयर्सना दिसेल असं. काय येतंय ते सांगत नाही, पण काहीतरी येतंय हे दिसलं की ती मंडळी दोन तास चर्चा करत बसत नाहीत.

शेवट कुठे आहे असं तुम्ही विचाराल. तो मी लिहिलेलाच नाही. हे मी तीन ग्रुपबरोबर चालवलंय आणि तीन वेगळे शेवट झाले. एका ग्रुपने सरळ दिवा पेटवला आणि पाण्यातून वर येणाऱ्यांना रात्रभर जिन्यावर अडवलं. दुसऱ्यांनी टोळीलाच पैसे कबूल करून किनाऱ्यावर शेकोट्या पेटवायला लावल्या, जहाजं वाचली आणि दीपगृह अंधारातच राहिलं, हे मला आयुष्यात सुचलं नसतं. तिसऱ्या ग्रुपमधे जे झालं ते मात्र नीट सांगतो. मुलाबद्दल माझ्या कागदावर तीनच गोष्टी होत्या: सतत ओला असतो, थंडी वाजत नाही, होडी उलटली त्याच्या पुढचं काही आठवत नाही. त्या ग्रुपमधला सगळ्यात कमी बोलणारा प्लेयर, लढवय्याचं कॅरेक्टर होतं त्याचं, लढाई सुरू होणार म्हणून हातात डाइस घेऊन बसलेला, तो त्या मुलाला म्हणाला, "तुला परत जायचंय का?" मी याची तयारी केलेली नव्हती. पण मूल कसं आहे ते माहीत होतं म्हणून उत्तर आलं, मी त्याच्या तोंडून म्हटलं, "खाली आई नाहीये." कोणी काही बोललं नाही. त्या प्लेयरने डाइस टेबलावर ठेवून दिला आणि पुढचा पाऊण तास एकही रोल न होता, म्हणजे कोणी डाइस न टाकता, सगळे त्या आईशी बोलत राहिले. हे लिहून ठेवता येत नाही, पण असं काही होण्यासाठी जागा ठेवता येते.

(अशा विषयांबाबत एक गोष्ट. मूल गेलेलं असणं हा विषय प्रत्येकाला झेपेल असं नाही. सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारा की कुठल्या गोष्टी टेबलावर नकोत, आणि शक्य असेल तर एकेकट्याला विचारा, सगळ्यांसमोर लोक बोलत नाहीत. मी टेबलाच्या मधोमध एक्स-कार्डही ठेवतो, कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.)

आता क्लूज, कारण सगळ्यात जास्त अ‍ॅडव्हेंचर्स इथेच बंद पडताना मी बघितलीयत. पुढे जायचा रस्ता एकाच रोलवर टांगू नका. साधा हिशोब बघा, समजा क्लू एका कपाटात लपलाय, डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ आहे आणि प्लेयरकडे ५ चा बोनस आहे, म्हणजे २० बाजूंच्या डाइसवर १० किंवा जास्त हवेत, ५५ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा तुमचं अ‍ॅडव्हेंचर त्या कपाटापाशी संपलं. तिघांनी प्रयत्न केला तर कोणातरी एकाला सापडायची शक्यता ९१ टक्क्यांवर जाते, पण मग सगळेच एकामागून एक डाइस टाकत बसतात आणि रोलला काही अर्थच उरत नाही. त्यापेक्षा या खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन क्लूंचा नियम वापरा: प्लेयर्सनी जो निष्कर्ष काढायला हवा त्याच्यासाठी किमान तीन वेगवेगळे क्लू ठेवायचे. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा लागू पडतो. माझ्या दीपगृहात "दिवा बाईच विझवते" यासाठी तेलाची पिंपं भरलेली होती, म्हणजे तेल संपून दिवा विझत नव्हता. जिन्यावर लहान ओल्या पावलांचे ठसे होते आणि जेवायच्या टेबलावर दोन ताटं. आणि टोळीतला एकजण पकडला गेला तर शपथेवर सांगतो की दिव्याला आम्ही हात लावलेला नाही. यातल्या एकाही क्लूसाठी रोल लागत नाही, तिथे गेलं की दिसतो. रोल ठेवायचा तो जास्तीची माहिती मिळवायला, की ठसे वर जाणारे आहेत का खाली येणारे.

आणखी एक सवय फार कामाची आहे. माइक शे नावाचे डीएम आहेत, ते प्रत्येक सेशनसाठी दहा गुपितं एकेका ओळीत लिहून ठेवतात, पण ती कुठे मिळतील ते ठरवत नाहीत. दारू पिणाऱ्या खलाशाशी बोलले तर तो सांगेल, नाही बोलले तर तीच गोष्ट एखाद्या पत्रात सापडेल. मी हे घेतलं आणि तुमची ती "भलतीकडे गेले तर" वाली भीती माझीतरी निम्म्याने कमी झाली, कारण माहिती जागेला बांधलेली नाही, ती त्यांच्याबरोबर फिरते. दहातली पाच-सहा वापरली जातात, उरलेली पुढच्या वेळी.

नकाशा काढणार असाल तर दोन तरी रस्ते हवेतच आत जायला, आणि आतले रस्ते कुठेतरी गोल फिरून एकमेकांना मिळायला हवेत. जेनेल जॅक्वेज यांचं १९७९ चं केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया हे विकतचं डंजन (खोल्या-बोगद्यांची जागा) याबाबतीत आजही अभ्यास करण्यासारखं आहे, आत शिरायच्या अनेक वाटा, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरायच्या अनेक वाटा, म्हणून तिथे प्रत्येक वळणावर प्लेयर्सना खरोखर ठरवावं लागतं. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं डंजन असेल तर तो बोगदाच झाला. दीपगृह म्हणजे तशी सरळ उभी जागा, पण मी आतला जिना, बाहेरून तेलाची पिंपं वर चढवायची दोरखंडाची कप्पी, आणि ओहोटीला उघडी पडणारी खालची गुहा असे तीन रस्ते ठेवले. कप्पी मला केवळ तेल वर जाणार कसं असा विचार करताना सुचली, आणि तीनपैकी दोन ग्रुप कप्पीनेच गेले. जागेचं रोजचं काम कसं चालतं हा प्रश्न स्वतःला विचारत जा, रस्ते आपोआप सापडतात.

वर्णनं तीन वाक्यांच्या वर लिहू नका. वाचून दाखवताना तिसऱ्या वाक्यानंतर लोक मोबाइल बघायला लागतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. आणि ज्या गोष्टीला प्लेयरने हात लावावा असं वाटतं ती सगळ्यात शेवटी सांगा. "भिंतीला शेवाळ आहे, खालून लाटांचा आवाज येतोय, टेबलावर दोन ताटं मांडलीयत आणि एकातलं अन्न ओलं आहे" असं म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं, मी ताट बघतो.

लढाईबद्दल थोडक्यात. चार कॅरेक्टर्स विरुद्ध एकच मोठा मॉन्स्टर असं लिहिलंत तर बऱ्याचदा तो दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) आडवा होतो, कारण ते चार वेळा वार करतात आणि त्याला एकदाच पाळी मिळते. पाचव्या आवृत्तीत मोठ्या मॉन्स्टर्सना लेजेंडरी अ‍ॅक्शन्स दिल्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या पाळीनंतर करायच्या जादा चाली, त्या याचसाठी. त्याच्याबरोबर दोन-तीन किरकोळ साथीदार द्या. आणि मारून टाकण्यापलीकडचं काहीतरी उद्दिष्ट द्या, जसं की पाच राउंड दिवा विझू द्यायचा नाही. एक बरी लढाई पाऊण ते एक तास खाते, म्हणून चार तासांत दोनपेक्षा जास्त मी ठेवत नाही, आणि एकूण प्रसंग चार-पाचच.

सुरुवात कशी करायची यावर लोक फार अडकतात. खानावळीत बसवून कोणी अनोळखी माणूस काम घेऊन येतो, ठीक आहे, चालतं, पण अर्धा तास जातो. मी दीपगृह सुरू करतो ते असं: तुम्ही होडीत आहात, रात्र आहे, समोरचा दिवा आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत विझला, आणि खडक किती लांब आहेत ते आता दिसत नाहीये, काय करताय? आणि या बंदराला का चालला होतात हे मी प्रत्येक प्लेयरलाच विचारतो. एकीने सांगितलं होतं की माझा भाऊ इथे खलाशी होता आणि वर्षभर त्याचं पत्र नाही. मग दुसऱ्या रात्री दार ठोठावणारा कोण असणार हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

शिकायचं कसं, या प्रश्नाला माझं उत्तर हे की तुमच्याकडे शिकायचं सामान आधीच आहे. जी दोन विकतची अ‍ॅडव्हेंचर्स चालवलीत ती परत काढा, हातात पेन्सिल घ्या, आणि टेबलावर प्रत्यक्ष जे वापरलंत त्याच्याखाली रेघ मारा. जे वाचलंत पण कधी कामाला आलं नाही त्यावर काट. प्लेयर्स जिथे रमले तिथे एक खूण. तुमच्या लक्षात येईल की रेघा कमी आहेत, आणि ज्यांच्याखाली आहेत त्या साधारण एकाच जातीच्या गोष्टी आहेत, कोण कोणावर चिडलंय, दार कुठे उघडतं, कोणाकडे काय आहे. मग ते अख्खं अ‍ॅडव्हेंचर स्वतःच्या शब्दांत एका पानावर उतरवा. हे दोनदा केलंत की स्वतःचं लिहिताना कुठली वाक्यं लिहायची आणि कुठली सोडायची हे हाताला कळायला लागतं. नंतर स्वतःचं लिहा, दोन पानांत, एका पानावर माणसं आणि ते घड्याळ, दुसऱ्यावर नकाशा आणि गुपितं, कोपऱ्यात अजून कोणालाच न दिलेली दहा नावं, कारण प्लेयर्स रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला नाव विचारतात आणि तिथे अडखळलो की त्यांना कळतं हा महत्त्वाचा नाही. जमलं तर तेच अ‍ॅडव्हेंचर दुसऱ्या ग्रुपबरोबर परत चालवा. मी सगळ्यात जास्त शिकलो ते यातून, पहिल्या वेळी जे फसलं ते प्लेयर्समुळे होतं का लिहिण्यामुळे, हे दुसऱ्या वेळीच कळतं.

आणि कॅम्पेन करणार असाल तर सेशन संपताना एक प्रश्न विचारायचा, "पुढच्या वेळी काय करणार आहात?" ते जे म्हणतील तेवढंच तयार करा. एवढ्या एका प्रश्नाने माझी तयारी दहा तासांवरून दोन तासांवर आली.

आता ती ३४ पानं. फेकू नका, पण प्लेयर्सना वाचायलाही देऊ नका. त्यातून एक अशी गोष्ट शोधा जी संपलेली नाही, जिच्यामुळे आज जिवंत असलेल्या कोणालातरी त्रास होतोय. तुमच्या प्रश्नातच एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात: राजाने नदीवर धरण बांधलं आणि तीन गावं पाण्याखाली गेली. त्या गावातली माणसं कुठे गेली? धरणामुळे कोणाची शेती पिकायला लागली? खाली पाण्यात कोणाचं काय राहून गेलंय जे त्याला परत हवंय? आणि आज रात्री धरणाचा एक दरवाजा बंद होत नाहीये, पाणी खालच्या शहराकडे निघालंय, दरवाजापाशी एक म्हातारी उभी आहे, तिच्या हातात किल्ली आहे आणि ती द्यायला तयार नाही. ती कोणत्या गावची ते तुम्ही ठरवा, बाकी तुमचे चार मित्र बघून घेतील.